फ्रँक राजांच्या मागावर पॅरिस: तीन ठिकाणं, आणि सँ-दनीला शेवटी का जायचं

पॅरिसच्या उत्तरेला असलेली सँ-दनीची बॅसिलिका (मोठं चर्च) 'फ्रान्सच्या राजांची दफनभूमी' म्हणून ओळखली जाते, आणि तेवढ्यापुरती ती पैसे वसूल आहे. 40 हून अधिक राजे, 30 हून अधिक राण्या, समाध्यांवरच्या 70 च्या वर कोरीव मूर्ती, सगळं एका छताखाली. पण फ्रँकांचं (रोमन साम्राज्य ढासळताना आजच्या फ्रान्समध्ये सत्तेवर आलेल्या जर्मानिक लोकांचं) राज्य कसं उभं राहिलं आणि त्यांच्यात एखादा माणूस 'राजा' कशामुळे ठरायचा, हे समजून घ्यायला थेट तिथे गेलात तर उलटं चित्र डोक्यात बसेल. पाचव्या ते आठव्या शतकातल्या या राजांच्या मूर्ती तिथे आहेत खऱ्या, पण त्या घडवल्या 12व्या आणि 13व्या शतकात, आणि घडवून घेणारे मठ आणि राजे फार नंतरचे होते, राजे तर वेगळ्याच घराण्याचे. म्हणून त्या मूर्तींतून क्लोव्हिस, म्हणजे फ्रँकांचं मोठं राज्य उभारणारा राजा, समजत नाही. आपला क्लोव्हिसशी काय संबंध आहे हे त्यांना जगाला कसं दाखवायचं होतं, ते समजतं.

मग क्रम बदलायचा. आधी राष्ट्रीय ग्रंथालयाचं रिशल्य इमारतीतलं संग्रहालय, मग सँ-जर्मां-आँ-ले इथलं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय, आणि सँ-दनी सगळ्यात शेवटी. तिन्हींचा एकत्र आढावा घ्यायचं कारण हेच, की एकेकटं बघितलं तर प्रत्येक ठिकाण अर्धवट वाटतं.

वारांचं गणित आधी बघा, कारण बेत इथेच फसतो. ग्रंथालयाचं संग्रहालय सोमवारी बंद, पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद, आणि सँ-दनीत रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे समाध्यांचा भाग दुपारी 12 ला उघडतो. बुधवार-गुरुवार किंवा गुरुवार-शुक्रवार ही जोडी उत्तम. तिन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका: सँ-जर्मां पश्चिमेच्या टोकाला, सँ-दनी उत्तरेला, आणि पुरातत्त्व संग्रहालय संध्याकाळी 5 ला बंद होतं. पहिल्या दिवशी ग्रंथालय आणि सँ-जर्मां, दुसऱ्या दिवशी फक्त सँ-दनी.

रिशल्य: चिल्डेरिकचं जे काही उरलं ते

रू व्हिव्हिएनवरचं हे संग्रहालय दहा वर्षांहून जास्त चाललेल्या दुरुस्तीनंतर सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. बहुतेक लोक इथे ग्रीक-रोमन रत्नं आणि छतावरची चित्रं बघायला येतात. आपल्याला हव्या असलेल्या वस्तू फार थोड्या आहेत आणि आकारानेही लहान. लक्ष नसेल तर बाजूने निघून जाल.

शोधायच्या आहेत सोन्याच्या दोन मधमाश्या, नखाएवढ्या, पंखांत गार्नेटचे लाल तुकडे बसवलेले. आणि त्यांच्यासोबत तलवारीच्या मुठीचे आणि म्यानाचे असेच लाल-सोनेरी भाग. हे आहे क्लोव्हिसचा बाप चिल्डेरिक याच्या थडग्यातलं. तो 481 किंवा 482 मध्ये मेला आणि आजच्या बेल्जियममधल्या तुर्ने इथे पुरला गेला. 27 मे 1653 रोजी एका चर्चजवळ पाया खणताना एका मूकबधिर गवंड्याची कुदळ थडग्यावर पडली. आत मिळालेल्या मधमाश्याच 300 च्या वर होत्या. 1655 मध्ये शिफ्ले नावाच्या दरबारी वैद्याने प्रत्येक वस्तूचं चित्र काढवून सविस्तर वर्णन छापलं, आणि त्याने हे केलं म्हणूनच आज बोलायला काही आहे. हा खजिना व्हिएन्नामार्गे 1665 मध्ये चौदाव्या लुईकडे भेट म्हणून आला आणि 5 नोव्हेंबर 1831 च्या रात्री ग्रंथालयातून चोरीला गेला. चोरांनी बरंचसं सोनं वितळवलं; काही सेन नदीत टाकलं होतं, तेवढं परत मिळालं.

बघताना एक करा: काचेसमोर सरळ उभे राहू नका, जरा बाजूला सरकून तिरकं बघा. या कामात सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून खण तयार करतात, प्रत्येक खणात त्याच मापाचा घासलेला गार्नेटचा काप बसवतात, आणि कापाच्या खाली बारीक जाळीची नक्षी ठोकलेला सोन्याचा वर्ख घालतात. त्या वर्खामुळे उजेड खालून परत येतो. समोरून बघितलं तर खडे काळपट दिसतात आणि 'एवढंच?' असं वाटतं.

आता या थडग्यात राजपदाबद्दल काय सापडलं, ते. एक, सोन्याची धनुष्यासारखी रोमन पिन, जी उच्च रोमन अधिकारी खांद्यावर झगा अडकवायला वापरत. दोन, त्या काळच्या योद्ध्याची लांब तलवार आणि आखूड सुरा, दोन्ही गार्नेटने मढवलेले. तीन, 100 हून अधिक सोन्याची नाणी, त्यांतली सगळ्यात अलीकडची कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट झेनो याची. आणि चार, सगळ्यात महत्त्वाची: शिक्क्याची अंगठी. तिच्यावर समोर तोंड केलेला माणूस, खांद्यावर रुळणारे लांब केस, अंगावर रोमन सेनापतीचा वेश, हातात भाला, आणि भोवती लॅटिनमध्ये 'राजा चिल्डेरिकचा'. मूळ अंगठी 1831 च्या चोरीत गेली. तिचे ठसे आधीच घेतलेले होते म्हणून ती कशी होती हे ठाऊक आहे.

फ्रँक राजपदाचं मूळ सूत्र त्या एका अंगठीत आहे. लांब केस ही फ्रँक राजघराण्याची खूण, ती त्याच्या लोकांसाठी; वेश आणि लॅटिन अक्षरं रोमन प्रजेसाठी. शिक्क्याची अंगठी ज्याच्याकडे असते त्याला कागदावर हुकूम द्यायचे असतात. म्हणजे इथे एक कारभार चालू होता, बिशपांशी आणि नगरांशी पत्रव्यवहार होता. रोमन सत्ता कोसळली आणि तिच्या राखेतून जंगली टोळीचा सरदार उठला, असं जे शालेय पुस्तकी चित्र असतं, ते इथे टिकत नाही. चिल्डेरिक हा उत्तर गॉलमधल्या (गॉल म्हणजे रोमन काळातला आजचा फ्रान्स आणि आसपासचा मुलूख) रोमन व्यवस्थेतच वाढलेला लष्करी माणूस होता आणि एका फ्रँक गटाचा राजाही. दोन्ही एकाच वेळी. क्लोव्हिस गादीवर आला तेव्हा रँसचा बिशप रेमी याने त्याला पत्र लिहिलं, त्यातही 'तू बेल्जिका सेकुंडा (दुसरा बेल्जिका) या रोमन प्रांताचा कारभार हाती घेतलास' अशीच भाषा आहे. एखाद्या नव्या अधिकाऱ्याला लिहावं तशी.

पण लगेच त्याला 'रोमन' म्हणून मोकळं होऊ नका. 1983 पासून तुर्नेत झालेल्या उत्खननात या थडग्याभोवती तीन खड्ड्यांत मिळून 21 घोडे पुरलेले सापडले. रोमन अधिकाऱ्याच्या अंत्यविधीत हे बसत नाही. आणि हा अंत्यविधी केला कोणी? नव्याने गादीवर आलेल्या मुलाने. बापाला इतक्या थाटात पुरणं ही क्लोव्हिसची पहिली राजकीय कृती म्हणायला हवी.

मधमाश्यांबद्दल एक तळटीप: नेपोलियनने 1804 च्या राज्याभिषेकाच्या झग्यावर मधमाश्या काढल्या त्या याच थडग्यावरून. बूर्बों या आधीच्या राजघराण्याचं लिलीच्या फुलाचं चिन्ह नको होतं आणि त्याहून जुनं काही हवं होतं.

याच संग्रहालयात 'दागोबेरचं सिंहासन' आहे (दागोबेर हा सातव्या शतकातला फ्रँक राजा): काशाचं, खरं तर घडीच्या खुर्चीच्या जातीचं, पायांवर श्वापदांची तोंडं. गर्दी इथे होते. पाय आणि बैठक मेरोव्हिंजियन (क्लोव्हिसचं घराणं, 751 पर्यंत) की कॅरोलिंजियन (त्यानंतरचं, शार्लमेनचं घराणं) काळातली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पाठ आणि हात मागाहून जोडले गेले. दागोबेरचं नाव त्याला चिकटलेलं दिसतं ते 12व्या शतकात, सँ-दनीचा मठाधिपती सुझेर याच्या लिखाणात. त्यानेच ते दुरुस्त करून घेतलं. 16 ऑगस्ट 1804 ला बुलोनच्या छावणीत पदकं वाटताना नेपोलियनही यावर बसला. बघा जरूर, पण सातव्या शतकाचा पुरावा म्हणून नको.

नाण्यांत मेरोव्हिंजियन ट्रेमिसिस दिसलं (सोन्याचं चिमुकलं नाणं, सॉलिडस या रोमन सोन्याच्या नाण्याच्या एक तृतीयांश किमतीचं) तर त्यावरची अक्षरं नीट बघा. सहाव्या शतकात क्लोव्हिसचा नातू थ्यूडेबेर पहिला याने स्वतःच्या नावाने सोन्याची नाणी पाडली तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या इतिहासकाराला ते इतकं खटकलं की त्याने तक्रार नोंदवून ठेवली, कारण सोन्यावर नाव फक्त सम्राटाचं असायचं. पुढे सातव्या शतकात मात्र बहुतेक नाण्यांवर राजाचं नावच नाही: एका बाजूला टांकसाळ्याचं नाव, दुसऱ्या बाजूला गावाचं. राज्य चालू आहे, सोनं चालू आहे, राजाचा उल्लेख नाही. हे ज्याला खटकलं त्याला पुढची दीडशे वर्षं निम्मी समजली.

इथे दीड तास पुरतो.

सँ-जर्मां-आँ-ले: आर्नेगुंड आणि बाकीचे

ओबेर स्थानकावरून आरईआर (उपनगरी रेल्वे) ए लाइन पकडा. चूक इथे होते: पश्चिमेकडे ही लाइन तीन फाट्यांत जाते आणि प्रत्येक गाडी सँ-जर्मांला जात नाही. फलाटावरच्या पाटीवर 'सँ-जर्मां-आँ-ले'समोर दिवा आहे का ते बघून चढा. सेर्जी किंवा प्वासीची गाडी पकडलीत तर अर्धा तास गेला. सँ-जर्मां हे शेवटचं स्थानक, बाहेर पडलं की समोर राजवाडा, संग्रहालय त्यातच. जानेवारी 2025 पासून मेट्रो आणि आरईआरला पॅरिसच्या बाहेरही एकच तिकीट चालतं, त्यामुळे वेगळ्या झोनचं तिकीट काढायची जुनी कटकट उरलेली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत. राजवाड्यात टप्प्याटप्प्याने कामं चालतात, म्हणून मेरोव्हिंजियन गॉलची दालनं उघडी आहेत ना, हे निघायच्या आधी संकेतस्थळावर बघा. ती बंद असतील तर आपल्या कामाचं इथे काही नाही.

मुख्य आकर्षण आर्नेगुंड. 1959 मध्ये सँ-दनीच्या फरशीखाली मिशेल फ्लरी यांना दगडी शवपेटी मिळाली, आत साधारण 61 वर्षांची स्त्री. बोटात अंगठी, कडेने 'आर्नेगुंडिस' ही अक्षरं आणि मध्ये अक्षरांची एकमेकांत गुंफण, जिचा उलगडा 'राणी' असा होतो. क्लोथार पहिला याची राणी, म्हणजे क्लोव्हिसची सून. गार्नेटच्या दोन गोल पिना, एक लांबलचक पिन, पट्ट्याचं भलंमोठं बक्कल, मोजे-बुटांच्या पट्ट्यांची लहान बक्कलं, रेशमाचे आणि सोन्याच्या धाग्याच्या भरतकामाचे अवशेष. सोन्याचा धागा कुजत नाही, कापड कुजतं; म्हणून बाहीच्या काठाची नक्षी कळते आणि बाही गेलेली असते.

तूरचा बिशप ग्रेगरी (मृत्यू 594) हिच्याबद्दल जे सांगतो ते मजेशीर आहे. क्लोथारची बायको इंगुंड नवऱ्याला म्हणाली, माझ्या बहिणीसाठी एखादा तोलामोलाचा श्रीमंत नवरा बघा. क्लोथार बहिणीला जाऊन बघून आला आणि म्हणाला, माझ्याहून चांगला कोणी सापडला नाही. लग्न करूनच परतला होता. ती बहीण ही. यातला विनोद सोडा, राजपदाचा मुद्दा असा की मेरोव्हिंजियन राजांना एकाच वेळी अनेक बायका असत, आणि बापाने आपला मानलेला कुठलाही मुलगा गादीचा वारस ठरे, आई राणी असो वा रखेल. क्लोव्हिसचा थोरला मुलगा थ्यूडेरिक रखेलीचाच होता आणि त्याला वाटा पुरेपूर मिळाला.

वाटा हाच शब्द योग्य. 511 मध्ये क्लोव्हिस मेला तेव्हा राज्याचे चार वाटे झाले, वडिलोपार्जित जमिनीचे भावांत व्हावेत तसे: थ्यूडेरिकला रँस, क्लोडोमेरला ऑर्लेआं, शिल्डेबेरला पॅरिस, क्लोथारला स्वासों. चारही बैठकी उत्तरेला, एकमेकींपासून फार लांब नाहीत. दक्षिणेतला जिंकलेला मुलूख तुकड्या-तुकड्यांनी वाटला. 558 मध्ये बाकीचे मेल्यामुळे क्लोथार एकटा उरला, तीन वर्षांत तोही गेला, आणि 561 मध्ये पुन्हा चार वाटे. मग 613 मध्ये क्लोथार दुसऱ्याने सगळं एकत्र केलं. नकाशावर एक राज्य दिसतं ते फार थोडी वर्षं. तरी 'फ्रँकांचं राज्य' ही कल्पना मोडली नाही, कारण वाटेकरी सगळे एकाच घरातले असायचे. बाहेरचा माणूस वाटा मागू शकत नव्हता.

घरातला कोण हे कळायचं केसांवरून. क्लोडोमेर 524 मध्ये लढाईत मेला. त्याची लहान मुलं आजी क्लोटिल्डपाशी होती. काकांनी तिच्याकडे कात्री आणि नागवी तलवार पाठवली: कापलेल्या केसांनी जगू द्यायचं की मारायचं, तू सांग. राज्य मिळणार नसेल तर कापलेले केस बघण्यापेक्षा मेलेली बरी, असं ती बोलून गेली आणि दोघांना मारलं गेलं. तिसरा, क्लोडोआल्ड, निसटला आणि स्वतःच्या हाताने केस कापून साधू झाला. पॅरिसच्या पश्चिमेचं सँ-क्लू हे उपनगर त्याच्याच नावाचं.

आता शेजारच्या कपाटांकडे वळा, जिथे साध्या फ्रँक कबरींतली हत्यारं असतात. फ्रान्सिस्का म्हणजे फेकायची कुऱ्हाड, स्क्रामासॅक्स म्हणजे एकधारी सुरा, आंगोन म्हणजे लांब लोखंडी दांड्याचा भाला. गंजलेलं लोखंड बघून लोक पुढे सरकतात. थांबा, आणि सॅलिक कायद्यातले (फ्रँकांच्या लिखित कायद्यातले) आकडे लक्षात ठेवून बघा. हा कायदा क्लोव्हिसच्या शेवटच्या वर्षांत लिहिला गेला असं बहुतेक मानतात. स्वतंत्र फ्रँक माणसाला मारलं तर त्याच्या कुटुंबाला भरपाई 200 सॉलिडस, म्हणजे 8,000 दिनार. तोच माणूस राजाच्या निष्ठेची शपथ घेतलेल्या पथकात असेल तर 600. रोमन जमीनदार असेल तर 100, पण राजाच्या पंगतीला बसणारा रोमन असेल तर 300.

तिप्पट, दोन्हीकडे. राजाच्या जवळ असण्याची किंमत कायद्यानेच ठरवून दिलेली होती, आणि राजाशी जोडलेला रोमन हा साध्या फ्रँकपेक्षा महाग होता. फ्रँक वरचे आणि रोमन खालचे, एवढंच सांगणारं वर्णन निम्मंच खरं. दोन्ही समाजांतल्या महत्त्वाकांक्षी माणसांना राजाच्या दारात यायला लावणारी ही यंत्रणा होती. क्लोव्हिसने 486 मध्ये स्वासोंला स्याग्रियस या उत्तर गॉलमधल्या रोमन सत्ताधाऱ्याला हरवलं, 507 मध्ये वुयेला दक्षिण गॉलमधल्या व्हिसिगॉथांचा राजा अलारिक दुसरा याला मारलं, कोलोन आणि कांब्रेचे फ्रँक राजे (म्हणजे आपलेच नातलग) एकेक करून संपवले. हे सगळं झालंच. पण लढाया जिंकून राज्य मिळतं, टिकत नाही. ते टिकलं या आकड्यांवर आणि बिशपांवर: 511 ला ऑर्लेआंच्या धर्मसभेला 32 बिशप आले, राजाच्या बोलावण्यावरून.

कुऱ्हाडीसमोर स्वासोंच्या भांड्याची गोष्टही आठवायला हवी. लुटीत चर्चचं एक मोठं भांडं आलं; बिशपाने ते परत मागितलं. लूट चिठ्ठ्या टाकून वाटायची रीत होती, राजालाही चिठ्ठीत येईल तेवढंच. क्लोव्हिसने ते आपल्या वाट्याव्यतिरिक्त मागितलं, सगळे हो म्हणाले, एकाने कुऱ्हाड भांड्यावर हाणली: चिठ्ठीत निघेल तेवढंच मिळेल. क्लोव्हिस त्या दिवशी काही करू शकला नाही. वर्षभराने मार्चच्या शस्त्रपाहणीत त्याने त्याच सैनिकाची हत्यारं वाईट ठेवलीत म्हणून कुऱ्हाड जमिनीवर फेकली, तो उचलायला वाकला, आणि राजाने त्याचं डोकं फोडलं. लूट वाटताना राजा एक वाटेकरी, शिस्तीच्या वेळी सेनापती. ग्रेगरीने हे शंभरेक वर्षांनी लिहिलं, त्यामुळे तपशील तंतोतंत असतील असं नाही, पण त्या दोन भूमिकांतला फरक त्याच्या वाचकांना लगेच कळत होता.

सँ-दनी

मेट्रो 13, स्थानक 'बाझिलिक द सँ-दनी'. ही लाइनही ला फुर्शला दोन फाट्यांत जाते. 'सँ-दनी युनिव्हर्सिते'ची गाडी हवी. चर्चचा पुढचा भाग फुकट बघता येतो, समाध्या आणि क्रिप्ट (चर्चचं तळघर) यांना तिकीट, प्रवेश दक्षिणेच्या बाजूने. पॅरिस म्युझियम पास चालतो. क्रिप्टला पायऱ्या आहेत. ऊन असलेला दिवस निवडा, रंगीत काचांचा उजेड मूर्तींवर पडतो तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं.

क्लोव्हिसची मूर्ती सगळे शोधतात. मिळेल, पण ती इथली नाही. क्लोव्हिस 511 मध्ये पॅरिसच्या टेकडीवरच्या प्रेषितांच्या चर्चमध्ये पुरला गेला, जे पुढे सँत-जनव्हिएव्हचा मठ झालं. मूर्ती त्या मठासाठी 1220-1230 च्या सुमारास घडवली. मठ 1807 मध्ये पाडला गेला, मूर्ती 1816 मध्ये इथे आली. त्या मठाचा एक मनोरा अजून आंरी-कात्र शाळेच्या आवारात उभा आहे. मूर्तीच्या डोक्यावरचा मुकुट 13व्या शतकातल्या राजाचा आहे. क्लोव्हिसचं काय होतं हे ग्रेगरी सांगतो: 508 मध्ये सम्राट अनास्तासियसने पाठवलेली सनद तूरला पोचली, तेव्हा त्याने जांभळा अंगरखा आणि झगा चढवला, डोक्यावर पट्ट्यासारखं राजचिन्ह बांधलं आणि घोड्यावरून सोन्या-चांदीची नाणी उधळत गेला. रोमन विजयी सेनापतीची नक्कल, चर्चच्या दारातून.

शिल्डेबेरचंही तसंच: मेला 558 मध्ये, मूर्ती 12व्या शतकातली, आली सँ-जर्मां-दे-प्रेहून. हातात त्याने बांधलेल्या चर्चची प्रतिकृती. त्याच मठातून आलेली फ्रेडेगुंड या सहाव्या शतकातल्या राणीची शिळा मात्र चुकवू नका. रंगीत दगड आणि धातूच्या पट्ट्यांची जडावाची आकृती, चेहरा, हात आणि पाय कोरे. तिथे मूळचा रंग असावा, तो गेला. ही 12व्या शतकातली असली तरी इतर मूर्तींच्या गर्दीत एकदम वेगळी आहे.

म्हणजे इथला मूळचा रहिवासी कोण? पहिला राजा दागोबेर, 639. त्याच्याआधीचे राजे आपापल्या चर्चमध्ये पुरले जात: क्लोथार पहिला स्वासोंला सँ-मेदारमध्ये, गुंट्राम शालोंला सँ-मार्सेलमध्ये. जितक्या बैठकी तितकी स्मशानं. आर्नेगुंडसारख्या राण्या इथे आधी आल्या, पण सँ-दनीवर पैसा ओतून स्वतःची जागा ठरवणारा राजा दागोबेर. त्याची समाधी वेदीच्या बाजूला आहे, 13व्या शतकातली, आणि ती खालून वर वाचायची. खालच्या पट्टीत एका साधूला स्वप्न पडतंय आणि सैतान राजाच्या आत्म्याला होडीतून नेतायत. मधल्या पट्टीत संत दनी, मार्टिन आणि मॉरिस येऊन त्याला सोडवतात. वर तो स्वर्गात. वरून खाली बघितलं तर राजा नरकात गेल्यासारखा दिसतो. राजाची मूर्ती कुशीवर वळलेली आहे, तीही 19व्या शतकात नव्याने केलेली. चित्रांचा हेतू मठाच्या फायद्याचा आहे हे उघड: मठांना देणग्या द्या, संत सांभाळून घेतील.

सगळ्यात जास्त वेळ द्या चार्ल्स मार्टेलला. त्याच्या मूर्तीच्या डोक्यावर मुकुट आहे. तो कधीच राजा नव्हता. तो राजवाड्याचा कारभारी होता. 737 मध्ये मेरोव्हिंजियन राजा मेला तेव्हा त्याने नवा बसवलासुद्धा नाही आणि 741 मध्ये मरेपर्यंत राजाशिवाय राज्य चालवलं. तरीही राजा म्हणवून घेतलं नाही, कारण ते रक्त आणि ते केस त्याच्याकडे नव्हते. हा मुकुट त्याला 1263-64 च्या सुमारास नवव्या लुईने करवून घेतलेल्या 16 मूर्तींच्या योजनेत मिळाला: एका बाजूला मेरोव्हिंजियन आणि कॅरोलिंजियन, दुसऱ्या बाजूला स्वतःचं कापे घराणं, मध्ये दोघांना जोडणारे. रांगेत खंड नको म्हणून कारभाऱ्यालाही राजा केला.

त्याच्या मुलाची, पेपिनची मूर्ती याच योजनेतली, आणि इथे राजपद खरोखर बदललं. 751 मध्ये पोप झकारियासचा कौल घेऊन त्याने शेवटचा मेरोव्हिंजियन चिल्डेरिक तिसरा याला उतरवलं, केस कापून मठात पाठवलं. पण लांब केसांची ती खूण नसलेल्या घराण्याला राजा ठरवायला दुसरं काहीतरी लागणार होतं, आणि ते पवित्र तेल. 751 मध्ये बिशपांनी त्याला तेल लावलं आणि 754 मध्ये, याच सँ-दनीत, पोप स्टीफन दुसरा याने पुन्हा: पेपिनला आणि सोबत त्याच्या दोन मुलांना, ज्यांतला एक पुढचा सम्राट शार्लमेन. शार्लमेनला इथे शोधू नका, तो आखेनला आहे. पेपिन 768 मध्ये मेला आणि सुझेर म्हणतो की बापाच्या पापांसाठी स्वतःच्या इच्छेने दारापाशी पालथा पुरला गेला.

इथल्या मांडणीची मोठी अडचण अशी की मूर्ती कालक्रमाने नाहीत. 1793 मध्ये क्रांतीच्या काळात थडगी उघडली, हाडं खड्ड्यात टाकली, मूर्ती पॅरिसला हलवल्या, 1816 नंतर परत आणल्या, पुढे पुन्हा जागा बदलल्या. त्यामुळे चालत गेलं तर सहावं शतक, चौदावं, आठवं, सोळावं असे उड्या मारत जाता. उपाय: आत जायच्या आधी सहा नावं कागदावर लिहा (शिल्डेबेर, फ्रेडेगुंड, दागोबेर, क्लोव्हिस दुसरा, चार्ल्स मार्टेल, पेपिन), त्याच क्रमाने हुडकून बघा, सोळाव्या शतकातल्या संगमरवरी भव्य समाध्या शेवटी. मग खाली क्रिप्टमध्ये जुन्या चर्चांच्या भिंती. वर सगळं मुकुटांचं, खाली 775 मध्ये शार्लमेनच्या उपस्थितीत पवित्र केलेल्या इमारतीचे दगड. दोन तास ठेवा.

गुण आणि उरलेले प्रश्न

राजपद समजण्याच्या दृष्टीने: रिशल्य पाचपैकी चार (वस्तू कमी, पण प्रत्येक बोलकी), सँ-जर्मां पाचपैकी साडेचार, सँ-दनी आधी गेलात तर तीन, शेवटी गेलात तर पाच.

रँसला जावं का, असं बरेच जण विचारतात, कारण क्लोव्हिसचा बाप्तिस्मा तिथला. पॅरिसहून जलद गाडीने पाऊण तास, कॅथेड्रलच्या फरशीत जागा दाखवणारी शिळा आहे. पण क्लोव्हिसचा तिथे झाला तो बाप्तिस्मा, राज्याभिषेक नव्हे. स्वर्गातून आलेल्या तेलाची कथा नवव्या शतकातल्या रँसच्या आर्चबिशप हिंकमारने पुढे आणली, आणि वर्ष 496 की 498 की 508 यावरही वाद आहे. कॅथेड्रल सुंदर आहे म्हणून जा.

तुर्ने वेगळं. घोड्यांचे खड्डे जिथे सापडले तो सँ-ब्रीस चर्चचा परिसर आणि गावातल्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या खजिन्याच्या प्रतिकृती, एवढ्यासाठी लील शहरातून लोकल गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. तिसरा दिवस हाताशी असेल तर तो तुर्नेला द्या. दिवस एकच असेल तर सकाळी सँ-जर्मां आणि दुपारी 2 पर्यंत सँ-दनी गाठा, रिशल्य सोडा. मधमाश्यांची मोठी छायाचित्रं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात, आर्नेगुंडच्या बक्कलाचा आकार मात्र समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.